मांडीवरची चादर

आमच्या आजीनं घरात एका शब्दाला बंदी घातली होती. तो शब्द ‘काऊन’, म्हणजे ‘का’. वऱ्हाडात उभा जन्म काढायचा आणि काऊन म्हणायचं नाही, म्हणजे बिनमिरचीचा ठेचा. बैल काऊन बसला, पाऊस काऊन नाही आला, एवढं चालून जायचं. पण बाळकाकाकडे बघून कोणी ‘असं काऊन झालं वं?’ म्हटलं, की आजी हातातलं सूप खाली ठेवायची. “काऊन इचारू नको बाप्पा. आता काय, ते इचार.” मग पाहुणा ओशाळून कपातल्या चहाकडे बघत बसायचा.

बाळकाका म्हणजे माझ्या वडिलांचा सगळ्यात धाकटा भाऊ, १९४६ सालचा. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. पण आम्ही पोरं त्याला आमच्यातलाच धरायचो, कारण तो कायम आमच्या उंचीवर असायचा. बाजेवर, नाहीतर खाली गोधडीवर. वर्षाचा असताना ताप डोक्यात गेला आणि आकडी आली. ती तीन दिवस येत राहिली की पाच दिवस, यावर आमच्या घरात कधीच एकमत झालं नाही. ताप उतरला तेव्हा दोन्ही पाय आणि उजवा हात ताठले होते. बोलणं आलंच नाही, तीन आवाज तेवढे आले. एक आजीसाठी, एक भूक लागली की, आणि एक तबल्यासाठी. आज डॉक्टर याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. तेव्हा गावात म्हणत, मास्तरच्या पोराचे पाय वाळले.

मास्तर म्हणजे आजोबा. मिशनच्या शाळेत शिकवायचे. आमचं गाव घाटावरचं, चिखलीकडचं. बुलडाणा जिल्हा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा जिल्हा दोन मजली आहे. खालच्या मजल्यावर खामगाव, मलकापूर, शेगाव. काळी जमीन, कापूस, रेल्वे. वरच्या मजल्यावर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार. ‘घाटाखालची पोरगी’ घाटावर नांदायला आली की पहिला हिवाळाभर थंडीला शिव्या घालते. आजी तशी घाटाखालची, खामगावची. बोथ्याचा घाट चढून सासरी आली आणि सोबत तिच्या आईची, म्हणजे माझ्या पणजीची, एक विद्या घेऊन आली. त्या विद्येसाठी थोडं मागं जावं लागेल.

खामगाव म्हणजे कापसाची पेठ. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब-खामगाव रेल्वेचं उद्घाटन करायला आला होता, तेही कापसापायी. पुढे तीस वर्षांनी त्याच पेठेत माणसं येऊन पडली, ती भुकेनं. १८९९-१९००चा तो मोठा दुष्काळ. पेठेतले मारवाडी त्याला छपन्या म्हणत, संवत १९५६चा म्हणून. पणजी त्यात आली. कुठून आली ते तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. एक नदी आठवायची, आणि आईच्या हातातलं कासंडीसारखं काहीतरी भांडं. खामगावात तेव्हा अलायन्स मिशनचं मुलींचं अनाथालय होतं. न्यूयॉर्कचे पाळक ए. बी. सिम्प्सन यांनी सुरू केलेलं हे मिशन. अकोला, खामगाव असं आमच्या वऱ्हाडात पसरलं होतं. तिथल्या मडमेनं पणजीचे दात मोजले आणि वय ठरवलं, पाच. पणजी म्हातारपणी बोळकं उघडून दाखवायची आणि म्हणायची, “आता मोज मनाव तिले.”

तिची विद्या अशी, की उपाशी माणसाला एकदम जेवायला घालायचं नाही. दुष्काळातून आलेलं पोर ताट बघून तुटून पडतं, पोटभर खातं आणि त्यानंच दगावतं. म्हणून आधी पातळ पेज, दोन घोट. मग थांबायचं, मग परत दोन घोट. पणजी थोडी मोठी झाल्यावर नव्या आलेल्या मुलींना पेज पाजायचं काम तिच्याकडे आलं. अंधारात नुसत्या गळ्याला बोट लावून घोट उतरला की नाही ते तिला कळायचं, असं आजी सांगायची. तिची एक सोबतीण होती, दुष्काळात दृष्टी गेलेली. तिला म्हणे पुढे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये धाडलं. हे खरं असावं, कारण तिथं आंधळ्या मुलींसाठी बार्तीमी सदन होतं. यरीहोच्या रस्त्यावरच्या आंधळ्या बार्तीमयावरून दिलेलं नाव. रमाबाईंना स्वतःला ऐकू फार कमी यायचं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. न ऐकू येणारी बाई न दिसणाऱ्या पोरींचं घर चालवते, यात पणजीला नवल वाटायचं नाही. ती म्हणायची, “सगळं धड असलेल्याईले येळ कुठं राह्यते?”

तर ही पेजेची विद्या पणजीकडून आजीकडे आली आणि सत्तेचाळीसच्या सुमाराला बाळकाकाच्या तोंडाशी लागली.

त्याचं जेवण मी शेकडो वेळा पाहिलंय. ज्वारी जात्यावर भरडायची, पीठ चाळून वेगळं करायचं, उरलेल्या कण्या ताकात शिजवायच्या. मीठ, कधी जिऱ्याची चिमूट, सणावाराला गूळ. आजी भिंतीला टेकून बसायची, बाळकाकाला डाव्या दंडावर घ्यायची. त्याची मान मागं जाऊ पाहायची, ती हनुवटी हलकेच छातीकडे वळवायची. “मान मांगं गेली का घास चुकला,” हे तिचं सूत्र. चमचा जिभेच्या मधोमध नाही, बाजूनं, गालाशी. मग थांबायचं. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की दुसरा चमचा. एक वाटी कण्यांना पाऊण तास लागायचा, ठसका लागला तर तास. त्या तासात आजी घाई करत नव्हती आणि दुसरं काम उरकत नव्हती. गाणं मात्र म्हणायची, ‘उपासना संगीता’तलं, चालीत बरोबर आणि शब्दांत चूक. पुष्कळ वर्षांनी माझ्या एका नातलगाच्या मुलीला व्यायाम शिकवायला थेरपिस्ट बाई आली. तिनं भरवायची पद्धत दाखवली. हनुवटी खाली, चमचा बाजूनं, घोट उतरेपर्यंत थांबा. मी म्हटलं, बाई, हे मला येतं. तिनं विचारलं, कुठं शिकलात? म्हटलं, खामगावच्या दुष्काळात.

आता यात धर्म कुठं आला, असं कोणी विचारेल. आजीला ते वेगळं काढून दाखवता आलं नसतं. ती जेमतेम शिकलेली. शास्त्र आजोबा वाचायचे, रोज रात्री कंदिलाशी. योहानाचा नववा अध्याय त्यांनी किती वेळा वाचला असेल कोण जाणे. जन्मापासून आंधळा माणूस रस्त्यात बसलेला, आणि शिष्य येशूला विचारतात की पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापानं. येशू म्हणतो, यानंही नाही आणि त्यांनीही नाही. गावात तर शिष्यांचाच प्रश्न घरोघर होता. कोणी म्हणायचं मागच्या जन्माचं, कोणी म्हणायचं धर्म सोडला त्याचं. आमच्याच मंडळीतले काही प्रार्थना कमी पडली म्हणायचे, आणि आजीला ते जास्त लागायचं. तिची ‘काऊन’वरची बंदी या अध्यायातून आली, असं माझं मत. येशूनं मागचा हिशेब मांडला नाही, समोरच्या माणसाच्या डोळ्यांना चिखल लावला. आजीनं एवढंच उचललं.

एकदा घाटाखालून एक बायबलबाई आली होती. चांगली बाई, आजीची कणव येऊन म्हणाली, “हा तुमचा वधस्तंभ आहे बाई, धीरानं उचला.” आजीनं बाळकाकाच्या तोंडाची लाळ पुसली आणि म्हणाली, “वधस्तंभ लाकडाचा असते. हे लेकरू हाय.” ‘सेवा’ हा शब्दही तिला आवडायचा नाही. सेवा दुसऱ्याची करतात, म्हणायची.

सैलानीचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमाराला मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. डोक्यानं बिघडलेल्या, बाधा झालेल्या माणसांना त्यांचे लोक तिथं दुरून दुरून घेऊन येतात. हिंदू, मुसलमान, सगळेच. आमच्या शेजारची पिंजाऱ्याची भाभी आजीच्या मागं लागली होती, एकदा चल म्हणून. आजोबांनी साफ मनाई केली, इथवर सगळे कबूल. पुढे दोन कथा आहेत. वडील म्हणायचे, आई गेलीच नाही. आत्या म्हणायची, मास्तर अकोल्याला सभेला गेले तेव्हा भाभीच्या छकड्यातून दोघी जाऊन आल्या. आजीला विचारलं की ती हसायची आणि सांगायची, “तिथं लय माया होत्या आपआपले लेकरं घेऊन.” म्हणजे गेली असावी. तिथं काय मागितलं, ते तिनं सांगितलं नाही. मला वाटतं, आपल्यासारख्या एवढ्या आया एका जागी तिनं पहिल्यांदाच पाहिल्या. आपण एकटे नाही, हे तिला दर्ग्यात कळलं, आणि रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कळायला हवं होतं ते कळलं नव्हतं.

कारण देवळाची गोष्ट जरा वेगळी होती. गावातल्या सुतारानं पायलीभर ज्वारीवर बाळकाकासाठी चाकाचा गाडा करून दिला होता. त्यात बसवून आजी त्याला उपासनेला न्यायची. तबला वाजला की तो खूष. त्याचा तो तिसरा आवाज निघायचा, ठेक्याच्या हमखास नंतर. गाण्यात ते खपायचं. पण लोक डोळे मिटून प्रार्थनेत उभे असले तरी तो हसायचा, मोठ्यानं. एका पाळकांनी आजोबांना बाजूला घेऊन सुचवलं की प्रभुभोजनाच्या रविवारी त्याला घरी ठेवलं तर बरं, लोकांचं चित्त विचलित होतं. नाव घेत नाही, ते आता नाहीत, आणि माणूस वाईट नव्हता. आजोबा गप्प बसले. आजीनं भांडण केलं नाही. ती गाडा घेऊन दाराबाहेरच्या पायरीवर बसू लागली. आत भाकर मोडली जायची आणि ती बाहेर सुपारी कातरत बसायची. किती महिने, तेही नक्की नाही. पुढे पाळक बदलले.

त्याच वर्षीच्या नाताळची ही गोष्ट असावी. निदान माझ्या मनात तरी त्या दोन गोष्टी शेजारी बसल्या आहेत. नाताळात आमच्याकडे सगळा गोतावळा जमायचा. करंज्या, शंकरपाळे, अनारसे, आणि घाटाखालचे पाहुणे म्हणून वांग्याचं भरीत हवंच. आदल्या रात्री आजीनं आम्हा पोरांना मफीबोशेथाची गोष्ट सांगितली. हे नाव तिला धड घेता यायचं नाही, ती त्याला ‘मफी’ म्हणायची, जणू आमच्या भावकीतलाच. मफी राजा शौलाचा नातू, योनाथानाचा मुलगा. पाच वर्षांचा असताना लढाईत बाप आणि आजा पडल्याची खबर आली. दाई त्याला उचलून पळाली आणि घाईत तो तिच्या हातून पडला. दोन्ही पायांनी लंगडा झाला. इथं आजी नेहमी थांबायची. दाईचं पुढं काय झालं, हे शास्त्रात नाही. आजीला ते कायम खुपायचं. ताप आला त्या रात्री तिला गाढ झोप लागली होती, हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही लसूण सोलता सोलता.

पुढे दावीद राजा झाला. योनाथानाच्या मैत्रीला स्मरून त्यानं मफीला शोधून आणवलं आणि सांगितलं, तू रोज माझ्याच मेजावर जेवायचं. आजी म्हणायची, “मेजावर बसल्यावर खाल्ले पाय कोणाले दिसतेत? सगळे सारखेच.” त्यावर माझा एक चुलतभाऊ, पुढे वकील झाला तो, बोलला, “पण आजी, आपण तं खाली पंगतीत बसतो. आपले पाय दिसतेत.”

आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पोरांची पंगत बसली तेव्हा ती आतून एक लांब चादर घेऊन आली. सोलापुरी, निळ्या काठाची. ओळीनं बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या मांड्यांवर तिनं ती पसरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधोमध बाळकाका, उशांच्या टेक्यानं बसवलेला. कोणाचे पाय वाकडे, कोणाचे सरळ, काही दिसेना. त्याच्या एका बाजूला मी होतो. आजीनं वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “आज तू घाल.” चादरीवर भरपूर सांडलं. आजी रागावली नाही. दर नाताळात ती चादर निघायची. भरताचे डाग धुऊनही जात नसत.

त्या गोष्टीत मला आता एक वेगळंच दिसतं. मफी बरा झाला नाही. तो अध्याय संपतो तेव्हाही शास्त्र पुन्हा बजावून सांगतं की तो दोन्ही पायांनी लंगडा होता. चमत्कार झाला नाही, ताटाची जागा मात्र कायमची पक्की झाली. आजीनं चाळीसभर वर्षांत देवाकडे काय मागितलं असेल ते असो. तिनं केलं ते मात्र एवढंच, रोज ती जागा राखली.

पण तिला देवी करायची नाही मला. आपल्याकडे अशा बाईला देवी केलं की बाकीचे हात झटकून मोकळे होतात. आजी थकायची. एका शिमग्याला, सगळं गाव होळीपाशी असताना, ती उठून मळ्यातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसली. आजोबा कंदील घेऊन शोधत गेले. तिनं त्यांना सांगितलं, “म्या देवाले म्हटलं, एक दिवस तूच घास घाल त्याले.” आजोबांनी तिला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर सदरा काढला, मांडी घातली आणि वाटी घेतली. पहिल्या दिवशी दोन तास लागले आणि निम्म्या कण्या धोतरावर गेल्या. पण त्या दिवसापासून संध्याकाळची वाटी आजोबांची झाली, ती ते असेपर्यंत. आजीची मागणी देवानं मास्तरांच्या हातून पुरी केली, असं आत्या म्हणते. मी म्हणतो, मास्तरांना वीस वर्षं उशीर झाला. दोन्ही खरं असेल.

बाळकाका १९८३च्या हिवाळ्यात गेला, छातीत कफ होऊन. सदतीस वर्षांचा होता. त्याच्या पाठीला शेवटपर्यंत जखम नव्हती, कारण आजी रोज रात्री दोनला उठून त्याची कूस बदलायची. तो गेल्यावरही ती दोनला उठायची, बाजेपाशी जायची आणि परत यायची. एकदा मला म्हणाली, “माह्या आंधी त्याले ने, असं म्या रोज मांगितलं. देवानं आयकलं. अन आयकलं म्हून मी त्याच्यावर रुसली.”

अपंग लेकराच्या कुठल्याही आईला विचारा, ही प्रार्थना तिच्या तोंडी सापडेल. माझ्यामागं याचं कोण? शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला, शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली दिव्यांग पोरं आपलं नाव लावून वाढवली. गाडगेबाबांचा हा अनुयायी सरकारला वर्षानुवर्षं एकच सांगत आलाय, की अठरा वर्षं पुरी झाली म्हणून बालगृहातून बाहेर काढलेलं असं लेकरू जाणार कुठं? त्यांना आयुष्यभर राहू देणारा कायदा करा. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आजी असती तर म्हणाली असती, हा मफीला शोधायला निघालेला माणूस. आमच्या शेगावला गजानन महाराज संस्थानही मतिमंद मुलांसाठी शाळा चालवतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं अशा मुलांना अठरा वर्षांनंतर पालक नेमून घेता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करायचा असतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. हे कागद बाळकाकाच्या वेळी नव्हते. आता आहेत, तर ते करून घ्या, आणि ज्याला करता येत नाहीत त्याला करून द्या. तेही भरवणंच आहे.

आमच्या मंडळीत सध्या एक तरुण आई येते. सात-आठ वर्षांचा मुलगा कडेवर, तिच्यापेक्षा जड झालेला. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते आणि शेवटच्या प्रार्थनेआधी निघून जाते. लोक तिला म्हणतात, देवानं तुला खास निवडलंय. ती मान हलवते. तुमच्याही देवळात, मशिदीत, मंदिरात अशी एक आई दाराशी असेल. तिला निवडलंय बिवडलंय म्हणू नका. सरकून जागा करा, त्याची वाटी किती वाजता असते ते विचारा, आणि आठवड्यातून एक वाटी तुमच्याकडे घ्या. पुरुषांनी आधी घ्या.

भरवायला शिकायला आठेक दिवस लागतात. मी शिकलो तेव्हा नऊ वर्षांचा होतो.